किटलीतलं दूध आणि कादंबरीतला बाप

पत्र लांब होतं, त्यातला मुद्द्याचा भाग आधी देतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल.

“सर नमस्कार, मी शिवाजी पेठेत राहते, वय 31, एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. गेली चार वर्षं रात्री बसून एक कादंबरी लिहितेय. 1994 साली पन्हाळा तालुक्यातल्या एका गावातला बाप आपल्या 11 वर्षांच्या पोराला, संभाला, कोल्हापुरात तालमीत आणून ठेवतो. बापाला स्वतःला पैलवान व्हायचं होतं, खांदा निखळला आणि राहिलं. संभा 12 वर्षं तालमीत काढतो, 23 व्या वर्षी गुडघा जातो, गावी परत येतो, साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागतो. शेवटी स्वतःच्या पोराला तालमीत घालायला नकार देतो. घरात आई आहे, एक धाकटी बहीण आहे, रोज सकाळी तालमीत दूध पोचवायचं काम तिच्याकडं. पाच जणांना वाचायला दिलं, सगळ्यांचं म्हणणं एकच, संभाचं वय वाढतं पण संभा वाढत नाही. एक मैत्रीण म्हणाली बाप नुसता व्हिलन वाटतो. पण मला हेच तर दाखवायचं होतं, आईबापाच्या निर्णयानं पोराचं आयुष्य कसं घडतं नायतर कसं बिघडतं. मग चुकतंय कुठं? बापाला अजून वाईट करू का थोडा चांगला करू? खरं सांगायचं तर मला त्या बापाला माफ करताच येत नाही, त्याचा चॅप्टर आला की माझं लिहिणं थांबतं. — एक लिहिणारी.”

ताई, नमस्कार.

तुम्ही सोबत पाठवलेली तीस पानं मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. आधी जे जमलंय ते सांगतो कारण ते खरोखर जमलंय. पहाटे चारला वस्ताद पोरांना उठवतो आणि पोरं अर्धवट झोपेतच कुदळी घेऊन आखाडा खणायला लागतात, त्या लाल मातीत ताक, तेल, हळद पडते, पोरं ती पायानं रगडतात, तो सगळा भाग वाचताना मला वास आला हो. आणि बैठका मारताना संभा मधेच आकडा विसरतो, कुणाला विचारलं तर हसतील म्हणून गपचूप परत एकपास्नं सुरू करतो, ही एक ओळ तर फार आवडली मला. ती तशीच ठेवा, कुणी काहीही सांगितलं तरी काढू नका.

आता अडतंय कुठं ते. तुमच्या पानांत बाप एकदाच निर्णय घेतो. जूनमधे एसटीतनं उतरतो, पोराचं बखोट धरून तालमीत नेतो, वस्तादाच्या पायावर घालतो आणि निघून जातो. त्यानंतर बारा वर्षं तो निर्णय आहे तसाच पडून राहतो. संभा 12 चा होतो, 15 चा होतो, 20 चा होतो आणि प्रत्येक वेळी त्याच्या मनात वाक्य तेच, ‘बापानं मला इथं आणून टाकलं.’ मी मोजलं, तीस पानांत हे वाक्य थोड्याफार फरकानं सहा वेळा आलंय. वाचणाऱ्यांना संभा वाढत नाही असं वाटलं ते यामुळंच. अंग वाढतंय, छाती भरतेय, कुस्तीत कान मोडतात ते मोडून झाले, पण त्या दिवसाकडं बघायची त्याची नजर मात्र अजून 11 वर्षांच्याच पोराची आहे.

मला विचाराल तर आईबाप निर्णय घेतात एकदा, आणि पोरगं तो निर्णय जन्मभर वाचत बसतं, दर चार-पाच वर्षांनी त्याला त्यात वेगळंच काहीतरी दिसतं. हे जे दर वेळी वेगळं दिसणं आहे ना, कादंबरीत मी त्यालाच वाढ म्हणतो. उंची आणि वय तर कॅलेंडर बघून पण वाढवता येतंय.

तुमच्याच संभाचं बघू. 11 चा असताना त्याला वाटणार, टाकलं मला, घरात बहीण राहिली आणि मी नको झालो. बरोबर आहे, त्या वयात तेवढंच कळतं. पण त्याच वर्षी गावच्या जत्रेत तो रेवड्यांवरची, म्हणजे लहान पोरांची रेवड्या बक्षीस असलेली कुस्ती मारतो असं समजा, हलगी वाजतेय, कुणीतरी त्याला खांद्यावर घेतलंय, आणि वरनं त्याला गर्दीत बाप दिसतो. बाप रडतोय. आता पोराच्या डोक्यात गोंधळ सुरू झाला पाहिजे, जो माणूस आपल्याला टाकून गेला तो आपल्यासाठी रडतो कसा? मग 14 ला कुणाकडनं तरी त्याला कळतं की घरची रेडी विकली, पुढं म्हैस झाली असती ती, आणि ते पैसे आपल्या बदामाला आणि तुपाला आले. इथं त्याला पहिल्यांदा ओझं जाणवतं. टाकलेल्या पोरावर कुणी एवढा खर्च करत नसतंय. म्हणजे आपल्याला टाकलेलं नाही, आपल्यावर पैसे लावलेत! हे कळणं काही सुखाचं नाही, ताई, उलट आता हरायची भीती वाटायला लागली. आधी फक्त मार बसायची भीती होती.

आणि 17 ला काय? बाप रविवारी तूप घेऊन येतो असं तुम्ही लिहिलंय, एका ओळीत उरकलंय ते. ती ओळ उघडा जरा. बाप येतो, वस्तादांशी चार शब्द बोलतो, पोरं अंघोळीला गेलेली असतात, आखाडा मोकळा असतो. आपल्याकडं कुणी बघत नाही असं बघून बाप खाली बसतो, मूठभर माती उचलतो आणि शर्टाची गुंडी काढून त्या निखळलेल्या खांद्याला चोळतो. संभा हौदाच्या आडनं हे बघतो. त्या दिवशी त्याला समजतं की मला इथं ठेवलं ते माझ्यासाठी नव्हतंच, हा माणूस स्वतःच परत आलाय इथं, माझ्या अंगातनं आलाय. राग यायला पाहिजे, येतोही, पण त्या खांद्याकडं बघून राग पूर्ण लागत पण नाही. हे दोन्ही एकाच वेळी त्याच्या पोटात असू दे, तुम्ही निवाडा देऊ नका.

मग 23, गुडघा, एसटी, घर. तुमच्या ड्राफ्टमधे बाप त्याला चार शिव्या घालतो. मला तिथं शिव्या नको वाटतात. पोराला आता जिना चढता येणार नाही म्हणून बाप मुकाट्यानं स्वतःची खाट माडीवर नेतो आणि खालची जागा पोराला मोकळी करून देतो असं केलं तर? एका खांद्यानं खाट ओढत नेतोय. संभा खालनं तो आवाज ऐकतोय. बास, एवढंच.

बघा, निर्णय एकच आहे, जूनमधला. पण टाकलं, लावलं, वापरलं, आणि मग ह्याला नावच देता येत नाही असं काहीतरी, इतक्या ठिकाणी पोरगं जाऊन आलं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही, माझ्या अंगावरनं गेलेलं आहे. आमचं गाव राधानगरी तालुक्यातलं. वडील लवकर गेले, आईनं थोरल्या भावाला शेतावर ठेवलं आणि मला आठव्या वर्षी इथं कोल्हापुरात मामाकडं शिकायला पाठवलं. दर शनिवारी रंकाळा स्टँडवर आमच्याकडची एसटी यायची, कंडक्टर माझा डबा काढून द्यायचा, आत नाचणीची भाकरी आणि खर्डा. डबा उघडला की मी आधी चिठ्ठी आहे का बघायचो. आईला लिहायला येत नव्हतं हे मला माहीत होतं तरी बघायचो. मला आईनं टाकलं हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की नोकरी लागली, लग्न झालं तरी ते तिथंच होतं, दिवाळीला गावी गेलो तरी पाहुण्यासारखा बसायचो. मग आई आजारी पडली तेव्हा एका रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात भाऊ बोलून गेला, ‘तुला निवडलं रं आईनं, माझ्या वाट्याला औत आलं.’ मी त्याच्याकडं बघतच राहिलो. चाळीस वर्षं मी टाकलेला होतो आणि माझा भाऊ न निवडलेला होता, एकाच आईच्या एकाच निर्णयानं! आणि पुढं मामीनं सांगितलं ते तिसरंच, की पावसाळ्यात मला दमा उठायचा, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, रोपलागणीच्या चिखलात हे पोरगं टिकायचं नाही असं आईला वाटायचं. कुणाला टाकलं नव्हतं आणि कुणाला निवडलंही नव्हतं. एक बाई रात्री पोराची धाप ऐकत जागी राहायची आणि तिनं काहीतरी केलं. हे कळलं तेव्हा आई बोलायच्या पलीकडं गेली होती.

म्हणून सांगतो, तुमच्या कादंबरीत बापाचा निर्णय एकट्या संभाला वाचायला देऊ नका. घरात जेवढी माणसं आहेत तेवढ्यांना द्या. याच्याकडं परत येतो, कारण तुमच्या कादंबरीतली सगळ्यात मोठी गोष्ट मला तिथंच राहिलेली दिसते.

आधी बापाचं. चांगला करू का वाईट करू असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. त्याला निवडायला लावा. आत्ता तो निवडतच नाही, तो नुसता ओढत नेतो. निवड कधी म्हणायची, तर दुसरा रस्ता उघडा असताना. आपल्याच कोल्हापुरातली गोष्ट बघा, 1917 साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. त्याच्या आधी पोरगं गुरांमागं गेलं तर त्यात कुणाला काही ठरवल्यासारखं वाटत नसणार, सगळ्यांचीच जात होती. पण हा कायदा आल्यावर तोच बाप, तीच गुरं, तेच पोरगं आणि आता मात्र रोज सकाळी ठरवायला लागणार, रुपया भरायचा का पोराला शाळेला सोडायचं. मला नेहमी वाटतं की गोष्ट लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं तो बाप त्या दिवशी जन्माला आला. त्याच्या आधी तो नुसता रिवाज होता.

तुमच्या बापापुढं 1994 मधे दुसरा रस्ता कुठला होता? गावात शाळा असणार. गुरुजी घरी येऊन काही म्हणाले का? पोरगं गणितात बरं होतं का? बायको काय म्हणाली त्या रात्री? खर्चाचं काय ठरलं, दुधाचं बिल आधीच किती उचललं होतं? हे सगळं बापाला माहीत होतं आणि तरी त्यानं तालीम निवडली, हे वाचकाला दिसलं की तो व्हिलन राहत नाही आणि देवही होत नाही. त्याची चूक मात्र चूकच राहते, तुम्हाला ती पुसायला लागत नाही. आणि हो, निर्णय एकदाच घेतला असं नसतंय. 14 ला पोरगं सलग हरतं, तेव्हा बाप त्याला परत आणू शकला असता. गुडघा पहिल्यांदा सुजला तेव्हा आणू शकला असता. दर वेळी तो न आणायचं ठरवतो. दर वेळचं कारण वेगळं असू दे, पहिल्यांदा हौस, मग लोक काय म्हणतील, आणि शेवटी शेवटी आता एवढं घातलंय तर मधे कसं सोडायचं. हे तिसरं कारण सगळ्यात वाईट आणि सगळ्यात माणसासारखं. ऊस लावलेल्या कुठल्याही घरात विचारा, सांगतील.

इथं ‘झोंबी’ची आठवण काढल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. आनंद यादव आपल्या कागलचे, पुस्तक 1987 चं, 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला. स्वतःच्या आयुष्यावरचीच कादंबरी आहे. तुम्ही वाचली असेल तरी आता परत वाचा आणि फक्त बापाचे निर्णय बघत वाचा. दादा, म्हणजे त्यातला बाप, पोराला शाळेतनं काढतो, मळ्यात घालतो, स्वतः मात्र गावभर मोकळा हिंडतो. पोरगं आणि आई मिळून गावातल्या देसाईंकडं जातात, देसाई दादाला सरळ करतात, आणि दादा शाळेला हो म्हणतो पण अटी घालून, सकाळी मळ्यात पाणी पाजायचं, तिथनंच शाळेत जायचं, शाळा सुटली की गुरं चारायची. आता एखाद्यानं एवढंच लिहून ‘बाप कसा क्रूर’ म्हणून थांबवलं असतं. पण पुढं काय होतं बघा. शाळेत सौंदलगेकर मास्तर कविता म्हणून दाखवतात, चालीवर, हावभावासहित, आणि त्या कविता पोरगं मळ्यात पाणी पाजताना मोठ्यानं म्हणायला लागतं. आधी ज्या मळ्यात एकटेपणा खायला उठायचा तिथं आता एकटं असलेलंच बरं वाटायला लागतं, कारण एकट्याला मोठ्यानं गाता येतं, नाचता येतं. बापानं राबवायला म्हणून ज्या जागेत पोराला डांबलं त्याच जागेत पोराला कविता सापडली. बापाचं यात काही पुण्य नाही! त्यानं हे दिलं नाही, त्याला हे माहीतही नाही. पण त्याच्या निर्णयाशिवाय ते झालंही नसतं. एवढी गुंतागुंत एका मळ्यात आहे आणि कुठंही भाषण नाही.

संभाला तालमीत असं काय सापडलं जे बापानं दिलेलं नव्हतं? याचं उत्तर तुमच्या तीस पानांत नाही. बारा वर्षं एका जागी राहिलेल्या पोराला तिथं काहीतरी स्वतःचं सापडतंच. कुणाला स्वयंपाक सापडतो, तालमीत पोरं स्वतःच्या हातानं करून खातात. कुणाला मालिश करायचा हात सापडतो. कुणाला माती सोडून पेठेतला फुटबॉल सापडतो, आपल्याकडं तर टीमची नावंच तालमींची. मला वाटतं संभाला आकडे सापडावेत. तो बैठका मोजताना आकडा विसरतो हे तुम्ही लिहिलंय, तोच पुढं अख्ख्या तालमीच्या खुराकाचा हिशेब ठेवायला लागला आणि त्याच जोरावर कारखान्यात काट्यावर बसला तर? म्हणजे बापाच्या निर्णयातनं पैलवान निघाला नाही, पण एक चोख माणूस निघाला, जो गाडीचं वजन करताना शेतकऱ्याचं एक किलो इकडचं तिकडं होऊ देत नाही. हे तुमच्याच पानांत पडलेलं आहे, मी फक्त उचलून दाखवतोय.

एक उलटं उदाहरण पण देतो, थोडक्यात. ययातीची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे, शापानं म्हातारपण आलेला बाप पोरांकडं तारुण्य मागतो, बाकीचे नाही म्हणतात, पुरू देतो. आईबापाच्या मागणीनं पोराचं आयुष्य वाकवल्याची याच्यापेक्षा मोठी गोष्ट मला माहीत नाही, आणि त्यावरची ‘ययाति’ वि. स. खांडेकरांनी, आपल्या कोल्हापुरात राहिलेल्या माणसानं लिहिली, 1959 ची ती, 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. तिच्यात ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. तिघं आपापली बाजू सांगतात. पुरूला मात्र स्वतःच्या तोंडानं सांगायला एक प्रकरण नाही. त्या कादंबरीला ययातीची वासना मांडायची होती त्यामुळं ते तिथं चालतं, पण मी दर वेळी पुस्तक मिटल्यावर त्या पोराचा विचार करत बसतो, त्या सकाळी आरशात बघून त्याला काय वाटलं असेल म्हणून. ज्यानं दिलं त्याला विचारलंच नाही कुणी.

आणि इथनं मी तुमच्या बहिणीकडं येतो, म्हणजे कादंबरीतल्या. तिला नाव पण नाही अजून. पत्रात ती एका ओळीत आहे, ‘रोज सकाळी तालमीत दूध पोचवायचं काम तिच्याकडं’, आणि तीस पानांत ती तीनदा येते, तिन्ही वेळा हातात किटली. ताई, मी पेन्सिलीनं त्या तीन जागांना गोल केलाय. तुमचं घर पन्हाळ्याकडं आणि तालीम शहरात म्हटल्यावर ही पोरगी पहिल्या एसटीनं येत असणार, तसं असेल तर किती वाजता उठते? म्हैस कोण पिळतं? शाळा कुठली, किती वाजताची, आणि तालमीतनं परत जाऊन ती पहिल्या तासाला पोचते का? जुन्या तालमीत बाईमाणसानं उंबरा ओलांडायचा नाही हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे ती बाहेर थांबते, आतनं शड्डूचे आवाज येतात, कुणीतरी पोरगं येऊन किटली आत नेतं आणि रिकामी आणून देतं. वर्षानुवर्षं ती त्या उंबऱ्यापर्यंत येते आणि आत काय आहे ते तिला कधीच दिसत नाही. आणि आत जाणारं दूध तर तिच्याच घरचं आहे.

घरात एक म्हैस आहे असं तुम्ही लिहिलंय. एका म्हशीचं दूध किती, त्यातलं डेअरीला किती जातं, तालमीत किती जातं आणि चहाला काय उरतं, हे एकदा कागदावर मांडा. तुम्ही अकाउंट्सला आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं येईल. मांडलंत की लगेच दिसेल, बापानं जूनमधे एका पोराबद्दल निर्णय घेतला असं सगळं घर समजतं, पण त्यानं दोन पोरांबद्दल घेतला होता. एकाला सगळं दूध द्यायचं ठरलं तेव्हाच दुसरीला द्यायचं नाही हेही ठरलं, आणि ते कुणी तोंडानं बोललंच नाही. संभाला निदान बापाचा राग करायला जागा आहे, त्याला ओढत नेलं, सगळ्या गावानं बघितलं. हिला राग करायलाही काही दिलेलं नाही, हिला कुणी मारलं नाही, शाळेतनं काढलं नाही, फक्त कुणी विचारलं नाही. अशी पोरं कादंबरीत वाढवणं फार अवघड असतं, कारण त्यांच्या आयुष्यात दाखवण्यासारखा सीन नसतो. एक किटली असते.

आई पण बघा. तिनं बापाला अडवलं का नाही हे तुम्ही मोघम ठेवलंय. अडवलं नसेल तर तोही निर्णयच आहे, आणि पोरगी आईच्या त्या गप्प बसण्यातनं जे शिकली असेल ते बापाच्या ओरडण्यातनं शिकली नसेल. ती पुढं स्वतः कुठं गप्प बसते ते शोधा.

शेवटच्या चॅप्टरबद्दल फार बोलत नाही. संभा स्वतःच्या पोराला तालमीत घालत नाही, ठीक आहे, पण तुमच्या वाचणाऱ्यांना ते आधीच कळलं होतं. कारण तोही बापासारखंच करतोय, पोराला न विचारता ठरवतोय. पोरगं म्हणत असेल मला मातीत जायचंय, मग? तिथं संभाला उत्तर सुचू नये. त्याला एकदम तो खांद्याला माती चोळणारा माणूस आठवावा आणि तो काट्यावरच्या आकड्याकडं बघत बसावा, मागं ट्रॅक्टरची रांग लागलीय, हॉर्न वाजतायत. मी तिथं सोडलं असतं. तुम्ही तुमचं बघा.

आता माफीचं. बापाला माफ करता येत नाही म्हणून लिहिणं थांबतं असं तुम्ही म्हणता. ही गोष्ट कुणाच्या घरची आहे ते मी विचारत नाही, तुम्हीही सांगू नका. पण माफ करायलाच पाहिजे असं तुम्हाला कुणी सांगितलं? कादंबरीला माफी लागत नाही. तिला एवढंच लागतं की तो माणूस एसटीत बसून गावाकडं परत जाताना, शेजारची सीट रिकामी असताना, त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते तुम्हाला दिसावं. ते दिसल्यावरही राग राहिला तर राहू दे, तो रागही खरा असेल, आणि वाचणारा त्याच्यावर विश्वास ठेवेल. आत्ता तुम्ही त्याच्याबरोबर एसटीत चढतच नाही, तालमीच्या दारातनंच माघारी फिरता, म्हणून तिथं हात थांबतो असं मला वाटतं. पाच-सहा पानं त्या परतीच्या प्रवासाची लिहा. कादंबरीत घ्यायची का नाही ते नंतर ठरवू.

पण त्याच्याही आधी एक करा, या रविवारीच. जूनमधली ती सकाळ परत लिहा, पण घराच्या आतनं. बाप आणि संभा निघालेत, पिशवी भरलीय, आईनं काय दिलं, दारात कोण उभं आहे. सगळं धाकटीच्या डोळ्यांनी, तिला तेव्हा सात-आठ वर्षं असतील. तिला कुणी काही सांगितलेलं नाही, दादा कुठंतरी चाललाय एवढंच कळतंय, बहुतेक तिला हेवाच वाटत असेल, एसटीत बसायला मिळणार म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आई पहिल्यांदा ती किटली तिच्या हातात देते.

तिला आधी नाव द्या. ते पान झालं की मला पाठवा, बाकीचा ड्राफ्ट नंतर.